साडेचार ते पाच

सोमवार, मार्गशीर्ष शु. ९. कल्याण.

चार दिवस वही उघडली नाही. गुरुवारी सायंकाळी शाळा सुटल्यावर चि. यमू धाऊ टांगेवाल्याच्या टांग्याखाली आली. डावा पाय, गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी कामट्या बांधल्या. जिवावरचे पायावर निभावले असे सगळे म्हणतात. मीही म्हणतो.

रडू आले नाही. अजून येत नाही. आज कचेरीत गेलो, तीन पत्रांच्या नकला केल्या, एकही खाडाखोड नाही. गावात कुजबूज, टांगे हळू हाकायचा हुकूम ज्याने लिहिला त्याच्याच पोरीवर टांगा गेला. खरे आहे. त्यात कुजबुजायचे काय.

मंगळवार, शु. १०.

नोटीस काय होती ते लिहून ठेवतो, जबाबात लागेल. तीन आठवड्यांपूर्वी म्युनिसिपल कमिटीने ठरवले. मुलींची शाळा सुटते त्या सुमारास शाळेपुढच्या रस्त्यावर पिंपळापासून विहिरीपर्यंत टांगेवाल्याने खाली उतरावे, लगाम हाती धरून घोडा पावलापावलाने न्यावा. वेळ सायंकाळी साडेचार ते पाच. मोडेल त्याचा परवान्याचा बिल्ला जप्त. मसुदा माझा. आमचे वरिष्ठ रा. चिटणीस म्हणाले, "वा, अक्षर कसं मोत्यासारखं!" पिंपळावर डकवलेली प्रत चौथ्या दिवशी शेळीने खाल्ली, खळीसकट. आता दफ्तरातली तेवढी एक उरली.

घरी यमूला मोठ्या ऐटीने वाचून दाखवली होती. आठ वर्षांची पोर, तिला हुकूमबिकूम काय कळणार. पण नीट ऐकत होती.

सौ. म्हणते, "त्या मेल्याचा बिल्ला काढून घ्या. पुन्हा घोड्याला हात लावता कामा नये." मी हो म्हणालो.

बुधवार, शु. ११. एकादशी.

धाऊ आला. खाडीकडच्या पाड्यातला आगरी, वय चाळिशीचे. सौ.ने त्याला पाहून आतले दार लावले. ओटीखाली उभा राहूनच बोलला. "रावसाहेब, मी तुमचा हुकूम मोडला नाय. पिंपलापाशी आलू तवा पाच वाजून धा मिन्टं झालती. टेशनावरचं घड्याल बघूनशी निघालू. गाडी लेट व्हती त्या दिशी."

मनात म्हटले, निलाजरा खोटे बोलतो आहे. शाळेची घंटा साडेचारला होते. यमू आणि तिच्या मैत्रिणी पाटीदप्तर आवरून दहा मिनिटांत बाहेर. पाच कुठून वाजणार?

तो गेला. फराळाला बसलो. वरीच्या तांदळाचा घास हातात, तेव्हा ध्यानात आले. स्टेशनचे घड्याळ रेल्वेच्या, म्हणजे मद्रासच्या वेळेने चालते, गावच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे. त्याचे पाच वाजून दहा म्हणजे आमचे चार चाळीस.

वेळ कोणत्या घड्याळाची, हे नोटिशीत नाही. मी लिहिलेच नाही.

पानातले सगळे संपवले.

शुक्रवार, शु. १३.

पिंपळाखालच्या पानवाल्याला सहज म्हणून विचारले. तो हसायला लागला. "धाऊ ना? तो रोज सव्वाचारला इथं उतरतो आणि घोड्याला वरातीसारखा चालवत नेतो. शाळेचं दार बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही विचारायचो, कुणाची वरात रे?"

म्हणजे रोज साडेचारच्या गाडीची माणसे घेऊन तो स्टेशनच्या घड्याळाने पावणेपाचला पिंपळाशी येई. आमचे सव्वाचार. तीन आठवडे माझा हुकूम रिकाम्या रस्त्यावर पाळत होता. त्या गुरुवारी गाडी पंचवीस मिनिटे उशिरा आली, आणि त्याच्या हिशेबाने हुकूम संपलेला.

एक लिहायचे राहिले. त्या दिवशी यमूला दवाखान्यात त्याच्याच टांग्यातून नेले. धक्के बसू नयेत म्हणून त्याने घोडा चालवत नेला, मी शेजारून चालत होतो. त्याच्या नरडीला हात घालावा असे वाटायला हवे होते. चाकाचे आरे मोजत राहिलो.

रविवार, पौर्णिमा.

यमूला थोडा ताप. पाय आखूड राहील, असे डॉक्टर म्हणाले. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "लंगड्या पोरीला कोण करून घेणार हो?" मी म्हणालो, "अगं, त्या नोटिशीत..."

"तुमची नोटीस पाळली असती मेल्याने, तर आज माझी पोर खेळत असती."

पुढे बोललो नाही. तिची कीव आली म्हणून नव्हे. भ्यालो.

मंगळवार, मार्गशीर्ष व. २.

उद्या मामलेदारांपुढे जबाब, धाऊचा आणि माझा. रा. चिटणिसांना आज सगळे सांगून टाकले. त्यांनी उठून दार लोटले.

"पोर तुमची, आणि तुम्हीच टांगेवाल्याची वकिली करणार? वेडे आहात का? 'गावच्या वेळेने', दोन शब्द घाला. अक्षर तुमचं, शाई तुमची. कोण बघतो?"

"आणि धाऊ?"

"त्याला कुठं वाचता येतंय."

दफ्तर घरी न्यायला दिले. नोटीस काढून पाहिली. 'पाच' शब्दापुढे ओळ अर्धी कोरी आहे. दोन शब्द सहज मावतील, दाटीवाटीसुद्धा होणार नाही. खरे सांगितले तर नोकरी जाईल. नोकरीचे एक वेळ सोसेन. सौ.च्या तोंडाकडे कसे पाहायचे?

दिवेलागणीला यमूजवळ बसलो. म्हणाली, "नाना, रागावणार नाही ना?"

"नाही."

"घंटा झाली की घोडे चालतच येतात, असं तुम्ही सांगितलं होतंत. म्हणून मी बघितलंच नाही."

रागावणार नाही, असे पुन्हा म्हणालो. मग तिने विचारले, "पण मग धाऊ का पळवत होता?" तिचे पांघरूण सारखे केले. ते सारखेच होते.

बुधवार, व. ३. सकाळ.

धाऊचा टांगा दारात आला आहे. बोलावणे दोघांनाही, म्हणून मला न्यायला आला. काय माणूस आहे! सौ. बाहेर आली नाही.

खिडकीतून दिसतो. खाली उभा, लगाम हातात. मी म्हणालो, "बस वर, अंगरखा घालून येतोच."

"नाय रावसाहेब. कंचं घड्याल खरं, ता मना ठावं नाय. म्हनून आता सगला दिस चालूनशीच नेतंय."

शाळा भरायला अजून तास आहे. रस्ता मोकळा आहे. छातीत काहीतरी हलल्यासारखे झाले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पण लगेच थांबले. यमू झोपली आहे.

दफ्तर काखेत घेतले. ओळ कोरीच आहे. दौत-लेखणीही घेतली आहे, का ते माहीत नाही. धाऊच्या चालीने मामलेदार कचेरीपर्यंत अर्धा तास लागेल.