वाळवणाच्या मजल्यावर लागलेल्या घरपट्टीबाबत

प्रति,
मा. कर अधीक्षक,
मालमत्ता कर विभाग,
नगर परिषद, चिंचझरी, जि. अकोला.

अर्जदार: शेषराव गोविंदराव निमकर्डे, वय ७४, धंदा फुलविक्री, रा. माळीपुरा, घर क्र. २१८.

विषय: आमच्या घरावर नसलेल्या मजल्यामुळे ज्येष्ठ नागरिकांची घरपट्टी सवलत नाकारल्याबाबत.

संदर्भ: आपली नोटीस, दि. ५ जानेवारी २०२६.

महोदय,

१. सत्तरी ओलांडलेल्या, कमी उत्पन्नाच्या घरमालकास निम्मी घरपट्टी माफ, असा आपलाच ठराव आहे. अट एवढीच की घर एकमजली व स्वतःच्या राहण्याचे असावे. मी व पत्नी शकुन असे दोघेच राहतो. देवळासमोर हार विकून जे मिळते त्यात किराणा व तिच्या दम्याचे औषध भागते. पूर्ण घरपट्टी भरली की दोहोंपैकी एक बंद होते. उत्पन्नाचा दाखला जोडला आहे.

२. गेल्या मे महिन्यात आपले ड्रोन आमच्या घरावरून उडाले. आमच्या गल्लीत स्लॅब फक्त आमच्या घराला आहे, बाकी सगळी टिनाची. त्यामुळे चाळीस वर्षांपासून साऱ्या गल्लीचे वाळवण आमच्याच स्लॅबवर पडते. त्या दिवशी वर सहा बाजा, म्हणजे खाटा, होत्या. त्यांवर पांढरी धोतरे आणि धोतरांवर कुरडया, सरगुंडे, मुगवड्या. आपल्या खात्याने त्याची नोंद 'पहिला मजला, पांढरे छत, चोवीस खांब' अशी केली. सहा बाजांचे पाय चोवीसच होतात. हिशेब चोख आहे, त्याबद्दल अभिनंदन.

३. शेजारच्या दुर्गाबाई कावळे हाकलायला छत्री घेऊन तिथेच बसल्या होत्या. त्यांची नोंद 'भाडेकरू' अशी आहे. तेव्हापासून त्या रोज दारात येऊन विचारतात, "मले भाडेकरू केलं नं, मंग माही खोली कोनती थे तं दाखवा." ती खोली कोणती ते आपणच कळवावे.

४. खिडकीवरील लिपिक श्री. मनोज यांना मी ही हकीकत सांगितली. मुलगा सालस आहे, खुर्ची दिली. म्हणाला, "काका, मजला रेकॉर्डले लागला हाय. पाडल्याचा दाखला आना, लगेच काढतो." दाखल्यासाठी अभियंत्यांकडे गेलो. ते म्हणाले, बांधकामच नाही तर पाडल्याचा दाखला कशाचा देऊ? तेच लेखी द्या म्हटले तर म्हणाले, रेकॉर्डला मजला आहे, नाही असे कसे लिहू? असे अकरा हेलपाटे झाले. चपलेचा एक अंगठा तुटला, तो अर्जास जोडलेला नाही.

५. त्यानंतर संदर्भीय नोटीस आली की सदर अनधिकृत मजला पंधरा दिवसांत स्वखर्चाने पाडावा. कळविण्यास आनंद होतो की सदर मजला दिवाळीपूर्वीच तळून खाण्यात आला. तेलाचा खर्च आम्हीच केला. काही भाग तेल्हाऱ्याला मुलगी रागिणी हिच्याकडे गेला, तो तिच्या सासरच्यांनी पाडला.

६. यावर श्री. मनोज यांनी तोडगा सुचविला. यंदाचा उन्हाळाभर स्लॅब मोकळा ठेवा, पुन्हा फोटो निघेल, सवलत मिळेल. मला तो पटला. लोभच सुटला म्हणा. मी शकुनला सांगितले की बायांना यंदा येऊ नका म्हण. ती म्हणाली, "मी कोन्या तोंडानं सांगू? चाळीस वर्सं येऊन राहिल्या त्या." तरी तिने सांगितले. होळी होऊन आठवडा गेला. वर कोणी येत नाही. गल्लीतल्या जयवंताबाईंनी आपल्या कुरडया रस्त्याच्या कडेला वाळत घातल्या, त्यावर धूळ बसली. शकुन जिन्याच्या पायरीवर बसून राहते. महोदय, मला माझीच लाज वाटते.

७. तरी विनंती की, सवलत हा आमचा हक्क आहे, तो स्लॅब पाहून नव्हे तर ठराव वाचून द्यावा. द्यायचीच नसेल तर पूर्ण घरपट्टीचे बिल पाठवावे, मी हप्त्याने भरीन. औषध बंद होणार नाही, माझा चहा बंद होईल. मात्र शकुन आज सकाळीच घरोघर 'वाळवण घेऊन या' असे सांगून आली आहे. उद्या सात वाजता बाजा वर चढतील. आपणास मोजणी करावयाची असल्यास ड्रोन पाठवू नये, स्वतः यावे. जिना मागच्या अंगाला आहे. चप्पल खाली काढावी, वर खाण्याच्या वस्तू असतात.

आपला नम्र व आजही एकमजली,
शेषराव गोविंदराव निमकर्डे
दि. १२ मार्च २०२६