चौथ्या खिडकीची जागा

दोन वर्षांत मुलाचा एक फोन आला, तोही "आई, ते विमान भंगारात काढलंस का?" एवढं विचारायला. मी कशी आहे ते विचारायचं राहून गेलं. तर बरी आहे. शुद्धीवर आहे, चौथीपर्यंत शिकले आहे, आणि हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाशिवाय माझ्या हाताने लिहिते आहे.

१. दोन्ही खोल्या मुलाला. न्हाणीचं दार अडकतं, उचलून लावावं.

२. शिलाई मशीन नातीला. विमान कंपनीच्या खुर्च्यांची कव्हरं मी अकरा वर्षं याच मशीनवर शिवली.

३. अंगणापलीकडचं विमानही मुलालाच. कंपनी बुडाली तेव्हा आमच्या ह्यांनी घर बांधायचे पैसे घालून ते विकत घेतलं. मी महिनाभर बोलले नाही. पण खोटं कशाला लिहू, देखणं आहे. निमुळतं अंग, वर उचललेलं नाक, चार इंजिनं, आणि जोर म्हणाल तर नावाला. ऊन चढलं की उठायचंच नाही. मग आधी टपाल उतरवायचे, मग सामान, मग माणसं.

मला एकदाच बसायला मिळालं, चौथ्या खिडकीशी. हे त्यावर मेकॅनिक. वजन जास्त भरलं तेव्हा आत डोकावून म्हणाले, "ही उतरेल." मी उतरले. ह्यांची अवजारांची पेटी मात्र आतच राहिली. विमान कुंपणाला घासून वर गेलं, आणि इतकं सुंदर दिसलं की राग विसरले. घरी पोचल्यावर आठवला.

हे जाऊन नऊ वर्षं झाली. रोज दुपारी मी त्या खिडकीशी जाऊन बसते. शेजारच्या खुर्चीत कोणी नसतं. तिचंही कव्हर धुते.

४. ती पेटी मुलाला. एकट्याने उचलून बघावी. तेव्हा विमानात चढणारं सामान आणि माणसं तोलायचा, त्याच काटेवाल्याकडून काल तोलून घेतली. बावन्न किलो. मी अठ्ठेचाळीस होते.

"वहिनी, काटा खरा होता हो," तो म्हणाला.

"काट्याला कोण बोलतंय? सही कर."

५. माझी राख विमानात ठेवू नये. आधीच जोर कमी.

लिहून देणारीची सही (अंगठा नाही).
साक्षीदार: काटेवाला, शेजारची नर्सबाई.
स्थळ: विमानाच्या शेडमागच्या खोल्या. अकरा मे, भर दुपार.

सहीखाली एक राहिलं. भंगारवाला दर महिन्याला येऊन विचारतो, "आजी, विकता का?" मी नाही म्हणते. माझ्यामागे तो येईल तेव्हा मुलाने आधी चौथ्या खिडकीशेजारच्या खुर्चीत तासभर बसावं. मग हो म्हणाला तरी माझी हरकत नाही. पण फोनवरून नाही, सुनेला पुढे करून नाही. उत्तर त्यानेच, इथे येऊन द्यावं.