हॉबर्टच्या हातची धार

मी, क्लोव्हिस टॅकेट, वय ८१, निवृत्त टपालवाला, राहणार पाइन हॉलो, आर्कान्सा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मनाचा दाखला कोणी देत नाही.

१. राहते घर, मागची शेड, गाडी व बँकेतली शिल्लक माझी भाची लोरीन हिला मिळावी. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. शेडमध्ये धार लावायचे अकरा दगड आहेत. त्यांतले दहा तिने वाटेल त्याला द्यावेत. ते माझ्या मूर्खपणाचे आहेत. लग्नाच्या वर्षी माझी पत्नी अर्डिथ हिचा खिशातला चाकू मी ग्राइंडरवर धरला आणि कड निळी पडेपर्यंत जाळली. चाकू तिच्या वडिलांनी दिलेला. ती कुंपणापलीकडच्या हॉबर्ट नीसकडे तो घेऊन गेली. निवृत्त होईपर्यंत हॉबर्टने चाळीस वर्षे इथल्या खाणीत धारेचेच दगड कापले. परत येऊन तिने टोमॅटो चिरला.

"बघ, नुसतं पातं टेकवलं की उतरतंय!"

मग ती दर महिन्याला कुंपण ओलांडू लागली आणि माझ्या पोटात दुखू लागले.

धार कशी लावायची हे हॉबर्टला विचारणे म्हणजे मेल्याहून मेल्यासारखे. गुपचूप दगड आणत गेलो. पहिला इतका खरबरीत, की पात्याला करवतीचे दात आले. दुसरा मऊ, वर्षात मधोमध खळगा पडला. एक पांढराशुभ्र दिसला म्हणून घेतला, त्यात भेग निघाली. अकरावा, काळा, बरोबर लागला: टिचकी मारली तर खणखणतो, घासताना वर टाकलेले तेल पीत नाही. हातही बसत गेला. पाते शेवटपर्यंत एकाच कलाने ओढायचे, पलीकडे बोटाला लागेल अशी बारीक कड उठली की उलटायचे, शेवटी कातडी पट्ट्यावर फिरवायचे. या एवढ्याला सात वर्षे गेली.

३. सातव्या वर्षी चाकूने हातावरचे केस उडाले. तो अर्डिथपुढे ठेवला.

"अगदी हॉबर्टसारखी झालीय रे!" ती म्हणाली. कौतुकानेच म्हणाली.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा पलीकडे गेली. तेव्हा माझा तोल सुटला.

"तुला धार हवी असते का हॉबर्ट?"

"तिथं कोणीतरी माझ्याशी बोलतं, क्लोव्हिस. तू सात वर्षं दगडांशी बोलतोयस."

चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. म्हणजे तिचेच म्हणणे खरे केले.

४. तो चाकू माझ्या कोटाच्या खिशात ठेवून मला पुरावे. हॉबर्टने कितीही मागितला तरी देऊ नये.

५. काळा दगड हॉबर्टला द्यावा, कबुलीसह. अर्डिथ वारली त्या वर्षी तो स्वतःचा चाकू घेऊन दारात आला.

"जरा लावून दे, बाबा. हात थरथरतो आता."

मी मुद्दाम बोथट ठेवला. त्याने अंगठा फिरवला. त्या अंगठ्याला कळले नसेल, हे शक्य नाही. "छान झालीय," म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात परत आला. तिसऱ्या खेपेपासून नीट लावून देतो. आधीच्या दोन खेपांची माफी मी तोंडाने मागू शकलो नाही.

६. अर्डिथ त्याच्याकडे बसून काय बोलायची, ते त्याने आपणहून कधी सांगितले नाही, मी विचारले नाही. माझे दफन झाल्यावर त्याने ते लोरीनला सांगावे. ते माझ्याविषयी असेल तर माझ्याच्याने ऐकवणार नाही; नसेल तर त्याहून नाही.

लाभार्थी असल्याने हॉबर्टची साक्षीदार म्हणून सही घेतलेली नाही. त्याने हे आत्ताच वाचू नये, हेही एक कारण आहे.

खालील दोघांसमक्ष वाचून सही केली.

क्लोव्हिस टॅकेट

साक्षीदार:
१. व्हर्जिल स्टाइल्स, पाइन हॉलो
२. ओलेटा बर्च, पाइन हॉलो

पाइन हॉलो, १४ ऑक्टोबर २०१६