बाली नाच आणि पूर्वीची हळद

३ मे, मलिंगार, आयर्लंड
नातीची हळद, आणि यादीत आजी नाही! पूर्वीला हळद लावायला सुनेनं पाच सवाष्णी लिहून काढल्या. त्यातल्या दोघींना मी ओळखतही नाही. केतकी म्हणाली, "आई, बाळासाहेबकाका येणारेत. विधवेनं हळद लावलेली त्यांना चालत नाही. उगाच वाद नको." बाळासाहेब म्हणजे माझा धाकटा दीर. माझा हरीश हॉस्पिटलात माणसं चिरतो, पण चुलत्यापुढं तोंड उघडत नाही.

५ मे
दिवसभर पाऊस. केतकीनं यादी फ्रिजवर लावली. मी दोनदा वाचली.

९ मे, बॉल्सब्रिज
लग्नाचं हॉटेल बघायला डब्लिनला आलो. मुक्काम तिथंच. संध्याकाळी बाली बेटावरच्या लोकांचा नाच आणि जेवण होतं. वाद्यं म्हणजे भांड्यांच्या दुकानात मांजर शिरलेलं. मग कान सरावले. पोरी गुडघे वाकवून नाचतात — कंबर एकीकडे, मान दुसरीकडे, डोळे तिसरीकडे. त्यांची पापणी हलत नव्हती. माझीही नाही.

जेवण बरं. कोवळ्या शेंगा, वर ओलं खोबरं. गवती चहाच्या काडीवर भाजलेली मासळी — दोन खाल्ल्या, मग आणखी दोन. काळ्या तांदळाची खीर नारळाच्या दुधात. केतकीच्या खिरीपेक्षा सरस. तिला सांगितलं नाही.

शेवटी माझ्या वयाची एक बाई नाचली. पोरी तिच्यापुढं फिक्या. नंतर टेबलापाशी आली आणि आपल्या केसातला चाफा माझ्या कानामागं खोचला. कापडाचा होता. मी तिचा हात धरला. पूर्वीला म्हटलं, "सांग हिला, माझा नवरा गेलाय." पूर्वीनं इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाली, माझाही गेला, चौदा वर्षं झाली. आणि पुढच्या टेबलाकडं गेली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

फूल राहू दिलं. पूर्वीनं फोटो काढला. "आजी, यू लुक ग्रँड."

१० मे, मलिंगार
पोरीनं फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. कोपरगावहून बाळासाहेबांचं लगेच — "वहिनी, या वयात हे काय?" केतकीनं वाचलं आणि फोन पालथा ठेवला. हरीशनं उत्तर लिहिलं, आईला त्या लोकांनी फूल जबरदस्तीनं घातलं.
कुणी जबरदस्ती केली नव्हती.

११ मे
यादीत सगळ्यांच्या वर माझं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. केतकीनं बघितलं, खोडलं नाही.
बाळासाहेबांचा फोन येईल. हरीशनंच उचलायचा. आणि या खेपेला खरं सांगायचं.