दुकानापाशी वाकलेली रेघ

प्रिय मोजपट्टी,

या नावाची तुला आता सवय राहिली नसेल. ऑफिसात तुला मॅडम म्हणतात, आणि परवा टीव्हीवर तर तुझं तोंड दाखवून खाली ‘नियोजन अधिकारी’ असं लिहिलं. बाबा म्हणाले, अक्षरांतलं अंतर चुकलंय. तू काय बोललीस ते त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. मी पत्र लिहितेय याचं तुला नवल वाटेल. पण आपण फोनवर बोलायला लागलो की दोन वाक्यांत बस येते आणि बसच्या मागोमाग भांडण येतं. कागदावर निदान तू मध्ये तोडू शकत नाहीस. वरच्या मजल्यावरच्या परिचारिकाबाई उद्या तुझ्या ऑफिसवरूनच कामाला जाणार आहेत. त्यांच्या हाती देते. शेवटपर्यंत वाच, एवढंच.

बाबा बरे आहेत, म्हणजे हट्टी आहेत. हात थरथरतो म्हणून ब्रश धरत नाहीत, पण सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की त्यांची खुर्ची बाहेर लागलीच पाहिजे. मी यंत्रावर प्लॅस्टिकची अक्षरं कापत बसते आणि ते रस्त्याकडे बघत बसतात. कुणाच्या पाटीवरचा कुठला रंग किती उडाला यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. शेजारच्या औषधवाल्यांना त्यांनी परवाच ऐकवलं, की तुमचं ‘औ’ फिकं झालंय, लांबून ‘षधालय’ वाचता येतं. औषधवाले म्हणाले, आता दुकानच जाणार, मग पाटी रंगवून काय करू?

आमच्याकडे हल्ली सगळं बोलणं इथेच येऊन थांबतं. तुझा पहिला नकाशा लागला त्या दिवसापासून या रस्त्यावर कुणी साधं ‘कसं काय’ विचारत नाही. बसला रस्त्याच्या मधोमध स्वतःचा पट्टा मिळणार, त्यात दुसरं वाहन शिरणार नाही, चौकातून निघालेली बस न अडखळता इस्पितळापर्यंत जाणार, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ झालंय. आपल्यापाशी रस्ता आखडतो, म्हणून आपल्यासकट ओळीतल्या पाच दुकानांचा पुढचा भाग जाणार, हेही. औषधवाले समितीचे अध्यक्ष झाले. ‘बीआरटी नको’ हे फलक रंगवायचं काम अर्थातच आपल्याकडे आलं, आणि ‘प्रस्तावित जलद बसमार्ग’ या तुमच्या पाट्यासुद्धा सुनावणीच्या सभागृहाच्या व्यवस्थापकांनी आपल्याकडूनच करून घेतल्या. विरोध आणि प्रस्ताव दोन्ही एकाच वळणाच्या अक्षरांत रस्त्यावर उभे आहेत. औषधवाले हसत हसत म्हणाले, तुमच्या घरात दोन्ही पक्ष आहेत ताई, हरलं तरी तुमचंच कुणीतरी जिंकणार. हसण्यात सांगितलं म्हणून काही ते कमी टोचलं नाही. त्यानंतर समितीची एक बैठक मला न कळवताच झाली.

तुझ्या बसच्या बाजूने इथे बोलणाऱ्या एकट्या परिचारिकाबाई. त्या फार बोलत नाहीत, पण एकदा दुकानात नावाची पाटी न्यायला आल्या असताना औषधवाल्यांशी त्यांची जुंपली. औषधवाले म्हणाले, दारात गाडीच थांबली नाही तर आजारी माणूस औषध घेणार कसं? बाईंनी चप्पल काढून सुजलेला पाय पुढे केला. म्हणाल्या, मी रोज बसमध्ये उभी राहून जाते आणि तिथे पोचल्यावर कामाची पाळी संपेपर्यंत उभी असते. तुमचं गिऱ्हाईक गाडीत बसून येतं, त्याला सलाईन लावायला मी उभ्याने जाते. बस वेळेवर पोचली तर निदान धावत वॉर्डात शिरावं लागणार नाही. औषधवाल्यांनी विचारलं, बसचा थांबा रस्त्याच्या मध्ये, मग काठी टेकत जाणाऱ्याने दोन्ही बाजूंची वाहनं चुकवत तिथवर पोचायचं कसं? बाईंनी चप्पल पायात सरकवली आणि पाटी उचलली. मला दोघांचंही पटत होतं, आणि हीच माझी पंचाईत आहे. अजूनही आहे. आई असती तर म्हणाली असती, हिला दोन्ही डगरींवर उभं राहायचं असतं आणि पाय मात्र ओला नको असतो.

पहिल्या सभेत मी तुला काय विचारलं ते तू विसरली नसणार. तू पडद्यावर आलेख दाखवत होतीस, मी उठले आणि ‘मॅडम’ म्हणाले. तुझी मान झटकन वर झाली. मी विचारलं, तुमच्या वडिलांनी खुर्ची कुठे टाकायची तेवढं नकाशात दाखवा. सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. तू पाणी प्यालीस आणि म्हणालीस, या मुद्द्याची नोंद घेतली आहे. तेव्हा मला ते सरकारी उत्तर वाटलं. घरी येताना औषधवाल्यांनी माझी पाठ थोपटली आणि मला एकदम वाटलं की आपण घरातली भांडी रस्त्यावर आणून घासली. पण प्रश्न खरा होता, म्हणून मी तुला फोन केला नाही. तूही केला नाहीस.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. सभागृहाचे व्यवस्थापक आले. सोमवारच्या सुनावणीसाठी त्यांना मंचावर मोठा लाकडी फळा हवा होता. छापील कापड लावलं की पंख्याने फडफडतं आणि मागच्या लोकांना अर्धाच रस्ता दिसतो, म्हणाले. त्यांनी सुधारित नकाशा दिला आणि निघून गेले. तो अजून कुणी पाहिलेला नाही, सोमवारीच सगळ्यांसमोर येणार आहे. मी चौकटी आखून तो पेन्सिलीने फळ्यावर मोठा करून घेतला. एकेका चौकटीकडे बघत काम करताना सगळा रस्ता डोळ्यांत येत नाही, हे तुला सांगायला नको. मग पक्की रेघ मारायला जुनी दोरी काढली. यंत्र आल्यापासून ती लागली नव्हती. निळीच्या पुडीत घोळवली आणि बाबांना म्हटलं, एक टोक धरता का? त्यांचा चेहरा असा काही उजळला म्हणून सांगू! हात थरथरून दोरी हलत होती, म्हणून त्यांनी स्वतःच तिचे बोटाला वेढे घेतले. दुसरं टोक मी फळ्यावरच्या इस्पितळापाशी चिमट्यात अडकवलं आणि दोरी उडवायला मध्ये आले. लहानपणापासून ती जागा तुझी. बाबा एका टोकाला, मी दुसऱ्या, आणि मधोमध उचलून सोडायचा मान शेंडेफळाचा. निळीचा फटकारा उठला की तू डोळे मिटून घ्यायचीस आणि मग एक डोळा किलकिला करून रेघ बघायचीस.

मी दोरी उचलणार तेवढ्यात दिसलं, की पेन्सिलीची खूण दोरीखाली नाहीच. चौकापासून ती दोरीबरोबर येते, आपल्या पाच दुकानांच्या अलीकडे दोरी सोडून मागच्या गल्लीत शिरते, आणि दुकानं मागे पडली की परत येऊन दोरीला मिळते. मला वाटलं, माझीच चौकट चुकली. मूळ नकाशा पाहिला, तिथेही तसंच. वळणापाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘स्थानिक अडचणीमुळे’. बाबा त्यांच्या टोकाकडून बघत होते. त्यांना नकाशा कसला आहे ते माहीत नव्हतं, त्यांनी फक्त दोरी आणि खूण पाहिली. ते म्हणाले,

“खिळा कुठाय?”

तुला तो दिवस आठवतो का? शाळेची मोठी पाटी होती. आपण दोरी ताणली, तू उडवलीस, बाबांनी अक्षरं भरली. उजेडात नेल्यावर कळलं की अख्खी ओळ एका ठिकाणी मोडलीय. फळीतून वर आलेला खिळा कुणाला दिसला नव्हता आणि दोरी त्याला टेकून वाकली होती. बाबांनी सगळी पाटी पुसली. तुझं रडणं थांबेना, तुला वाटलं तुझीच बोटं वाईट आहेत. मग बाबांनी पक्कड घेऊन खिळा उपसला आणि तुझ्या तळहातावर ठेवला, की हा बघ चोर. पुढे कितीतरी वर्षं तो तुझ्या कंपासपेटीत होता. इंजिनियरिंगला गेलीस तेव्हाही मी पाहिला होता.

बाबा फळ्यावरून मोकळ्या हाताचा अंगठा फिरवत खिळा शोधत राहिले. मग मी त्यांना कागद दाखवला आणि सांगितलं की हा धाकटीच्या बसचा रस्ता आहे, आणि ही आपली दुकानं. त्यांनी चष्मा मागितला. बराच वेळ बघून बोट ठेवलं ते वळणावर नाही, गल्लीवर ठेवलं. पाळणाघर. रेघ पाळणाघराच्या अंगणातून जाते. त्या मावशींच्या, ज्यांच्याकडे आई इस्पितळात असताना तू आणि मी संध्याकाळपर्यंत असायचो. त्या कुठल्याही सभेला येत नाहीत, कारण सभेच्या वेळी त्यांच्याकडे पोरं असतात. त्यांनी अजून एकदाही विरोधाचा फलक लावलेला नाही. काल मी गल्लीतून मुद्दाम गेले. अंगणात एवढ्या एवढ्या चपलांची रांग होती आणि मावशी एकेकाचं नाक पुसत होत्या. मला म्हणाल्या, तुझ्या बहिणीची बस आली तर आयांना लवकर घरी येता येईल, पोरं ताटकळणार नाहीत. मी चहा न घेताच निघाले.

आता मला भीती वाटते, आणि ती एकच नाही. सोमवारी फळा मंचावर लागला की पाचही दुकानदार आनंदाने उठतील. औषधवाले हार आणतील. आणि मग कुणीतरी, उशिरा का होईना, विचारेल की बस नेमकी या पाच दुकानांना वळसा का घालते आणि त्यातलं एक दुकान कुणाचं आहे. तुझी नोकरी जाईल. नोकरी जाणं हेही मी सोसेन एक वेळ, तू तर सोसशीलच. पण त्या वळणात बस अडकेल, परिचारिकाबाई अडकतील, आणि तू ज्यासाठी घरी जेवायला यायची थांबलीस ते कामच लंगडं होईल. लोक म्हणतील, बघा, बीआरटी चालतच नाही. आणि मला कळणारच नाही की ती खरंच चालत नाही, की आपण चालू दिली नाही.

मला ठाऊक आहे तू हे का केलंस. सभेत मी प्रश्न विचारला, त्याचं उत्तर तू नकाशात दिलंस. बाबांच्या खुर्चीला जागा करून दिलीस. त्या कागदाकडे बघताना पहिल्यांदा मला काय झालं ते लिहायला लाज वाटते. मला बरं वाटलं. दुकान वाचलं म्हणून नव्हे, मला वाटलं होतं तू आम्हाला विसरलीस, आणि तू विसरली नव्हतीस म्हणून. क्षणभरच. नंतर बाबांकडे पाहिलं. त्यांनी बोटाचे वेढे सोडवले, निळं झालेलं बोट सदऱ्याला पुसलं, आणि बोलले ते जसंच्या तसं लिहिते:

“पाडायचं असेल तर तोंडावर सांगून पाड म्हणावं. आणि वाचवायचं असेल तरी तोंडावर सांगून वाचव.”

मग हळूच पुढे म्हणाले, की मी अडचण आहे हे तिची आई आयुष्यभर सांगत होती, पण स्थानिक कधी म्हणाली नाही. हसले, आणि लगेच आत जाऊन झोपले. भर दुपारी. खुर्ची बाहेरच राहिली.

म्हणून हे पत्र. सोमवारच्या आत रेघ सरळ कर. सरळ केलीस म्हणजे मी तुझ्या बाजूची झाले असं समजू नकोस. मधल्या थांब्यापर्यंत काठीवाल्याने कसं जायचं, पाच दुकानांना पर्यायी जागा कुठे, हे मी सोमवारी उभी राहून विचारणार आहे, आणि तू पाणी प्यालीस तरी बसणार नाही. सरळ रेघेशी मला भांडता येईल. वाकडीशी येत नाही, कारण ती माझ्यासाठी वाकली आहे. आणि तशीच ठेवलीस तर पाळणाघराचं नाव सभेत पहिल्यांदा माझ्या तोंडून निघेल. ते तुझ्या तोंडून निघावं असं मला फार वाटतं. फळा तयार आहे. चौकापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून इस्पितळापर्यंत रंग भरून झालाय, मधला तेवढा तुकडा मी कोरा ठेवलाय आणि व्यवस्थापकांना सांगितलंय की रंग ओला आहे. रविवारी ये. जेवायला नको येऊस हवं तर, भांडायला ये. बाबा एक टोक धरतील, दुसरं मी धरते. दोरी उडवायला तुझ्याशिवाय कुणी नाही. आणि तो खिळा अजून तुझ्याकडे असेल, तर येताना घेऊन ये.

वाट बघतेय, रागात आणि रागाशिवायही.

तुझीच,
ताई