दारात सापडलेला हात

प्रिय ताई,

साळूआत्या सिल्लोडला निघाल्यात, त्यांच्या हाती हे पाठवतेय. एकटी असशील तेव्हाच वाच आणि वाचून झालं की फाडून टाक.

ऋतुराजचं स्थळ मी नाकारलं, हे तुला कळलं असेलच. कारण मात्र कुणी धड सांगितलं नसेल. सुपारी फुटायच्या आधी दोघांनी एकदा बाहेर भेटावं, असं अण्णांनीच ठरवलं होतं. ऋतुराजनं सिडकोतल्या एका बंगल्यात चालणारा ‘भुताची मेस’ नावाचा खेळ निवडला. आपल्याला आत कोंडतात, कोडी सोडवून किल्ली शोधायची, आणि मध्येच खरेखुरे नट भुतं होऊन येतात. घाबरवतात आणि हसवतातही. वाळूजहून शिफ्ट संपवून मी थेट तिथं गेले. सोबत त्याचा मित्र सोमनाथ आणि सोमनाथची बायको निशा.

आत पाऊल टाकल्यापासून माझा कशावरच विश्वास बसेना. पिठाचा डबा हलल्यासारखा वाटे, पडद्याखाली पाय दिसत. निशासुद्धा त्या नटांपैकीच असेल का, असं मनात येऊन गेलं. फक्त ऋतुराजवर संशय आला नाही. इतका हळू बोलायचा, दार उघडून बाजूला उभा राहायचा. तेवढ्यात फ्रिजमधून मेसवाली मावशी निघाली. पांढराफटक चेहरा, हातात लाटणं. “ताट साफ केल्याबिगर कुणीबी जायचं नाय!” मी ओरडले आणि लगेच हसत सुटले. मग तिनं ऋतुराजला गाठलं, “जावईबापू, लई ऐट करता, जरा कणीक मळा की!” आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला, पण उशिरा. कान लाल झाले होते त्याचे.

मग दिवे गेले. कोपऱ्यात एक लाल बल्ब, तेवढाच उजेड. मावशीनं मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दचकून त्यानं तिला ढकललं असतं तर मी विसरूनही गेले असते. पण त्यानं आधी आमच्याकडं पाहिलं, ताई. सोमनाथ आणि निशा कपाटात डोकं घालून होते, मी अंधारात. कुणी बघत नाही अशी खात्री झाल्यावर त्यानं तिचं मनगट धरलं आणि सावकाश पिळलं. ती किंचाळली. बाकीच्यांना ते खेळातलंच वाटलं, टाळ्या वाजल्या. आणि डोळ्यांत पाणी असताना तिनं पुन्हा लाटणं उचलून आपलं पुढचं वाक्य म्हटलं.

बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणाला, “अगं, दचकलो अंधारात. आणि भुताला कुठं लागतं?” मला आइस्क्रीम घेऊन दिलं. लाल उजेडात आपल्यालाच चुकीचं दिसलं असेल, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला समजावत होते.

दुसऱ्या दिवशी राहवेना, एकटीच गेले. मेकअप उतरवलेली मावशी माझ्याहून लहान निघाली. अंबिका नाव. मनगटाला पट्टी बांधलेली. मला पाहताच तिनं बाही खाली ओढली. कुणाला सांगितलंस का, विचारलं तर म्हणाली, “नाय हो. घरी सांगितलं, दारात सापडला म्हणून.”

मी तिथंच पायरीवर बसले. नागपंचमीला आईनं तुझा हात पाहिला तेव्हा तू हेच म्हणाली होतीस. बाहीसुद्धा अशीच ओढली होतीस.

अण्णा आधी चिडले. एवढ्याशा गोष्टीवरून चांगलं स्थळ घालवतेस म्हणाले. मग मी तुझ्या हाताचं बोलले. तसे ते उठले आणि ऋतुराजच्या घरी फोन लावून नकार कळवला. आई एवढंच म्हणाली, “मलाबी तवा पटलं नव्हतं.”

तुझ्यासाठीच हे पत्र लिहिलं. फोन तू नेहमी स्पीकरवर ठेवतेस, आणि दाजी शेजारी बसलेले असतात हे मला त्यांच्या खोकण्यावरून कळतं. रविवारी मी आणि अण्णा गाडी घेऊन येतोय. आईला बरं नाही, असं दाजींना सांगू. तुला काही सिद्ध करायचं नाही, काही सांगायचंही नाही. लेकीला घेऊन गाडीत बस. माझा संशय खोटा निघाला तर सगळ्यांसमोर माझे कान उपट, मला आनंदच होईल. खरा असेल तर परत जायची घाई नाही. आईनं तुझी खोली झाडून ठेवलीय, सृष्टीसाठी पलंग खिडकीजवळ सरकवलाय.

कायम तुझ्याच बाजूची,
नंदा