पडद्यावरची सुमामावशी

७ नोव्हें., शुक्रवार. अबू हलीफा
सुट्टी. दुपारी डॉ. केळकरांच्या फ्लॅटवर इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाची माणसं जमली. हिप्पींवरची जुनी डॉक्युमेंटरी. गोव्याचा किनारा, जटा वाढवलेले गोरे, चिलमी. मग दोन-तीन सेकंद पदर खोचून त्यांच्यात नाचणारी एक मुलगी. निवेदकाचा खर्जातला आवाज: नशेच्या विळख्यात सापडलेली स्थानिक तरुणी. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "आपल्याही पोरी होत्या की यात."
ती आमची सुमामावशी. आईची धाकटी बहीण, तेव्हा म्हापशात नर्स.
उठून सांगितलं, "ही माझी सख्खी मावशी. त्या लोकांना औषधं द्यायला जायची." घरी आम्हाला हेच सांगत आलेत. 

८ नोव्हें.
नवरा, सुनील, अजून घुश्शात. "बोलायची काय गरज होती? कुणी ओळखलं नसतं." म्हणजे मीही बसून हसायचं.
लेक इरा बापापेक्षा शहाणी. "आई, शी लुक्ड हॅपी." बस्स, एवढंच.

९ नोव्हें.
लॅबमधून आल्या आल्या वेंगुर्ल्याला व्हिडिओ कॉल. मावशीला तेवढा तुकडा आधीच पाठवला होता.
"औषधंबिवधं काही नाही गं. ते तुझ्या आईनं शेजाऱ्यांसाठी रचलं. मी सुट्टीच्या दिवशी नाचायला जायचे."
"आणि नशा?"
"शहाळं प्यायचे. ती माणसं आंघोळीला आळशी, पण मला नाच म्हणायची. आपल्याकडं कोण म्हणत होतं?"
मग, "त्या कॅमेरेवाल्यानं मला एक शब्द विचारला नाही. सांग तुझ्या लोकांना. नाव घेऊन सांग."
फोन ठेवल्यावर तो तुकडा पुन्हा लावला. आईनं इतकी वर्षं आम्हालाही तेच खोटं सांगितलं...

११ नोव्हें.
मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. शुक्रवारी दुसरा भाग. "वहिनी, आधी दोन शब्द बोला. परदेशी रुग्णांची सेवा वगैरे."
मी म्हटलं, सेवा नव्हती. नाचत होती, स्वतःच्या मर्जीनं. तेच बोलणार.
"मुलंबाळं असतात हो. कमिटीला विचारतो."

१३ नोव्हें.
कमिटीचं उत्तर नाही. सुनील म्हणाला, "नको म्हणाले तर?" मी म्हटलं, तर सिनेमा चालू असताना मधेच उठून बोलेन. उद्या मीही येतोय, म्हणाला.
इराचा हट्ट, मावशीआजीलाच कॉलवर घेऊ. मावशीला विचारलं.
"बसते की. आमच्या घड्याळानं किती वाजता, तेवढं सांग."